नटावरची पिवळी रेघ

मी एक जुनी मोटार आहे. मित्रांनो, पाच शब्दांच्या या वाक्यातले दोन शब्द वादग्रस्त आहेत. 'जुनी' म्हणाल, तर माझे इंजिन आणि मागचा आस एका गंजून गेलेल्या घरगुती गाडीचे, म्हणजे पावशतकापूर्वीचे होते. सांगाडा एका लहानशा कारखान्यात माझ्या जन्माच्याच वर्षी जोडलेला होता. आणि माझे तांबडे फायबरचे अंग तर पेंढ्यात गुंडाळून सर्वांत शेवटी आले. 'मोटार' म्हणाल, तर या देशात सरकारी तपासनीस म्हणेल तेव्हाच मोटार मोटार होते, आणि माझ्याकडे कोणताही तपासनीस कधी फिरकला नाही. उरलेल्या तीन शब्दांवर मात्र मी ठाम आहे.

माझा जन्म इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावातल्या एका गॅरेजमध्ये झाला. माझ्यासारख्या गाड्या खोक्यांतून सुट्या मिळतात. माणसाने त्या घरी स्वतः जोडायच्या असतात. या गावातल्या निम्म्या पुरुषांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटारी जोडल्या, त्यामुळे म्हातारपणी एखादी स्वतःसाठी जोडावी असे त्यांना वाटे. रेज प्रॅटली हे त्यांपैकीच एक. मोटारींच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे आस बसवण्याचे काम केले. तिथे नट आवळायला हवेच्या दाबावर चालणारी, बंदुकीच्या आकाराची यंत्रे असत. ती दिवसभर हातात थरथरत. नोकरीच्या विसाव्या वर्षी रेज यांच्या बोटांची टोके थंडीत पांढरी पडू लागली. पंचविसाव्या वर्षी त्यांना सदऱ्याचे बटण बोटांनी कळेनासे झाले. कारखान्याच्या डॉक्टरांनी कागदावर 'हिवाळ्यातील किरकोळ तक्रार' असे लिहिले. त्या डॉक्टरांची भाषा संयमी होती, अक्षरही सुरेख होते. निरोपाच्या वेळी रेज यांना एक घड्याळ देण्यात आले. त्याची किल्ली पिळायला त्यांना मुलीला हाक मारावी लागे.

ती मुलगी म्हणजे लॉर्ना. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिथला नियम असा, की एकाने मोजलेल्या गोळ्या दुसऱ्याने पुन्हा मोजल्याशिवाय खिडकीबाहेर जात नाहीत. त्यात कोणी अपमान मानत नाही. मित्रांनो, हा नियम लक्षात ठेवा. तो दुकानाच्या दाराशीच का थांबला, याचे उत्तर मी आजवर शोधते आहे.

आई गेल्यानंतर वडील स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नुसते बसून राहतात, दाढीसुद्धा करत नाहीत, हे लॉर्नाने अकरा महिने पाहिले. बाराव्या महिन्यात तिने मला मागवले.

"हे काय आणलंस? तीन खोकी आणि एक भंगार?" रेज म्हणाले.

"गाडी आहे, डॅड. फक्त तिला अजून तसं कोणी सांगितलेलं नाही."

"तुझ्या आईने मला या खोक्यांसकट घराबाहेर काढलं असतं."

"तिने आधी मला काढलं असतं. मग तुला."

रेज हसले. मग त्यांनी फडताळातून पिवळ्या रंगाची एक डबी आणि बारीक ब्रश काढला. फिटर लोकांचा रिवाज असा आहे, की नट आवळून झाला की त्याच्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. नट पुढे कधी सैल होऊन फिरला, तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. शिवाय ती रेघ म्हणजे सही असते: हा मी आवळला आहे, याला मी जबाबदार आहे. रेज यांची रेघ सुरुवातीला जाड, शेवटी निमुळती आणि जराशी डावीकडे झुकलेली असे.

"एक आत्ताच सांगून ठेवतो," ते म्हणाले. "बाकी सगळं मी करीन, पण ब्रेक तू करायचेस. या बोटांचं आता पाहुण्यांसारखं झालंय. घरात असतात, पण त्यांना काम सांगता येत नाही."

"काहीतरीच काय, डॅड! तुझे हात अजून माझ्यापेक्षा बरे आहेत."

हे वाक्य प्रेमाचे होते, यात शंका नाही. माझ्या अंगावरचा पहिला सैल नट मी त्यालाच मानते.

दर शनिवारी काम चाले. लॉर्ना भाग पुसून हाती देई आणि रेज आवळत. घट्टपणा मोजणारा पाना तिने विकत आणला होता. रेज त्याला हात लावत नसत. "ते कारकुनांचं हत्यार. मनगटाला कळतं," असे ते म्हणत. कुंपणापलीकडे शेजारचे सिरिल कोपरे टेकून उभे असत.

"रेज, ही बाहेर पडेपर्यंत जगातलं पेट्रोल संपेल बघ."

"तू कुंपणावरून उतर आधी. नाहीतर तुलाच पुढे बंपर म्हणून बसवीन."

"बसव की. निदान मी तरी नीट बसेन."

पाचव्या शनिवारी रेज चहा करायला आत गेले आणि पुढच्या चाकाजवळचा एक नट लॉर्नाच्या नुसत्या बोटांनी फिरला. त्याच्यावरची पिवळी रेघ मधोमध तुटली. तिने घराच्या दाराकडे पाहिले. मग तिने तो कारकुनी पाना लावला, तो 'टक्' वाजेपर्यंत नट आवळला, थिनरने रेघ पुसली आणि नवी काढली. पहिली जमली नाही. दुसरी बरी आली. तिसरी जाड सुरू झाली, निमुळती होत गेली, जराशी डावीकडे झुकली. डॉक्टरांची अक्षरे वाचण्यात तिची वीस वर्षे गेली होती. वडिलांचा हात उचलायला तिला पाच मिनिटे पुरली.

तेव्हापासून हा प्रघातच पडला. रेज आत गेले की ती सगळे नट तपासत जाई. जे सैल निघत ते आवळी आणि त्यांवर वडिलांची रेघ काढी. मला सारे कळत होते. कोणता नट कोणाचा, हे माझ्या सांगाड्यातल्या प्रत्येक नळीला ठाऊक होते. माझ्याकडे भोंगा होता, पण त्याच्या तारा अजून जोडलेल्या नव्हत्या. आणि त्या जोडल्या असत्या, तरी भोंग्याला काही सांगता येते थोडेच? तो फक्त ओरडतो.

आता यातून काय निष्पन्न झाले, ते पाहा. दर शनिवारी काम सुरू करण्यापूर्वी रेज विजेरी घेऊन माझ्याखाली सरपटत शिरत आणि आदल्या आठवड्यांच्या रेघा पाहत. एकही तुटलेली नसे. पहिल्या महिन्यांत ते 'हं' म्हणत. मग ते शीळ घालू लागले. मग ते दाढी करू लागले, गुरुवारी क्लबात जाऊ लागले, आणि तिथे चारचौघांना त्यांनी सांगितले की हातांचे ते दुखणे तसे फारसे नव्हतेच. ज्या डॉक्टरांनी हे सर्वप्रथम लिहिले होते, त्यांचे निदान अशा रीतीने सिद्ध झाले.

सतरा महिने गेले. मार्चमधल्या एका शनिवारी ब्रेकच्या नळ्या आल्या.

"या मी बसवतो," रेज म्हणाले.

लॉर्नाच्या हातातली चिंधी थांबली. "त्या मी करायच्या ठरलं होतं ना?"

"ते तेव्हा. तेव्हा मला वाटत होतं, हात गेले. सतरा महिने झाले, पोरी, आणि एक रेघ सरकलेली नाही. एक! कारखान्यात असतानासुद्धा माझा असा हिशेब नव्हता."

"डॅड..."

"काय?"

रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता. कोणीतरी गोल चुकवला आणि हजारो माणसे एकदम हळहळली.

"काही नाही," लॉर्ना म्हणाली. "चहा टाकू?"

"टाक. आणि बेकन मागच्या वेळेसारखं जाळू नकोस. सिरिलला वाटलं आग लागली."

मित्रांनो, त्या 'काही नाही'वर एक प्रबंध लिहिता येईल. ज्या माणसाने पहिल्याच दिवशी स्वतःबद्दलचे सत्य सरळ सांगितले होते, त्याच्याकडून ते सत्य दीड वर्ष खपून, दर शनिवारी थोडे थोडे, काढून घेण्यात आले. हे कोणी शत्रूने केले असते, तर त्याला आपण क्रूर म्हटले असते. मुलीने केले, म्हणून त्याला माया म्हणतात.

ब्रेकच्या नळीचा नट नेहमीच्या नटांसारखा नसतो. तो आधी नुसत्या बोटांनी दोन-तीन फेरे फिरवायचा. आटे एकमेकांत बसले की तो लोण्यातून जावा तसा जातो, आणि मगच पाना लावायचा. तिरका लागला, तर बोटांच्या टोकांना लगेच कळते. रेज यांच्या बोटांच्या टोकांना काहीच कळले नाही. तिरक्या आट्यांवर त्यांनी पाना चालवला, नट करकचून बसला, आणि त्यांनी पिवळी रेघ ओढली. ते चहाला गेल्यावर लॉर्नाने रिवाजाप्रमाणे त्याला पाना लावून पाहिला. तो तसूभरही हलला नाही. तिच्या समाधानासाठी एवढे पुरेसे होते. पाना लावताना रेघ खरवडली होती, म्हणून तिने ती पुसून पुन्हा काढली.

माझ्या जुन्या ब्रेकमध्ये चारही चाकांचा दाब त्या एकाच नटातून जात होता. त्यातून ब्रेकचे तेल थेंब थेंब पाझरत असलेले मला जाणवत होते. मी खोक्यांतून आलेली वस्तू. मी काय करणार?

मे महिन्यात त्यांनी मला प्रथम बाहेर काढले. घरामागची गल्ली उताराची आहे आणि तिच्या टोकाला विटांची भिंत आहे. रेज म्हणाले, "आधी तू बस. तुझी गाडी आहे." हाताचा ब्रेक अजून जोडायचा होता, वीस पावले जायला कशाला हवा, असे दोघांचे मत पडले. इंजिन सुरू झाले. सिरिल यांनी टोपी हलवली. मी निघाले, उताराला लागले, लॉर्नाने ब्रेक दाबला आणि तिचा पाय तळापर्यंत गेला. तिने पुन्हा दाबला. मी थांबू इच्छित होते, हे कोणाला खरे वाटणार नाही. मी भिंतीवर जाऊन आदळले.

लॉर्नाच्या खांद्याजवळचे हाड मोडले. सिरिल रुग्णवाहिकेला फोन करायला धावले. ती एका उलट्या खोक्यावर हात धरून बसली होती, आणि रेज जमिनीवर आडवे होऊन माझ्याखाली पाहत होते. ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या बोटांना ब्रेकचे तेल लागलेले होते.

"आटे तिरके चढलेत," ते म्हणाले. "माझीच रेघ आहे. तुझं हाड मी मोडलं, लॉर्ना."

ती गप्प राहू शकली असती. खरे सांगितले असते, तर त्यांच्यावरचा एका नटाचा दोष अर्धा तरी उतरला असता, आणि बाकीचे सगळे नट त्यांच्या हातचे गेले असते. ती सगळे मोजूनच बोलणारी बाई. तिने हेही मोजले असणार.

"ती रेघ माझी आहे," ती म्हणाली.

"उगाच माझं पाप अंगावर घेऊ नकोस. मला माझी रेघ कळते."

"नाही कळत, डॅड. तो नट मी तुझ्यामागून तपासला. घट्ट लागला. रेघ पुसून मी काढली."

"फक्त तोच?"

तिची नजर मागच्या चाकांकडे गेली.

"किती?"

"मोजले नाहीत."

"तू दिवसभर गोळ्या मोजतेस, पोरी."

"एकशे बारा."

"कितीपैकी?"

"एकशे एकोणनव्वद."

रेज यांनी आपले हात समोर धरले. "म्हणजे पहिल्या दिवशी मी म्हणालो, ते बरोबर होतं."

"हो."

"आणि तुला कधीपासून माहीत होतं?"

"पाचव्या शनिवारपासून."

"मग मी ब्रेक मागितले तेव्हा?"

"तू दाढी करायला लागला होतास," लॉर्ना म्हणाली.

त्यांनी हनुवटीला हात लावला. तिथे तेलाचा डाग उमटला. सिरिल घोंगडी घेऊन परत आले, त्यांनी दोघांच्या तोंडांकडे पाहिले, आणि घोंगडी लॉर्नाच्या गुडघ्यांवर पसरली.

मला ढकलत गॅरेजमध्ये परत आणले गेले. पुढच्या बुधवारी रेज एकटेच आले. सोबत विजेरी, थिनरची बाटली आणि चिंधी होती. ते माझ्याखाली शिरले आणि एकेक रेघ पाहू लागले. ते आपले सत्त्याहत्तर नट शोधत होते; जे खरोखर त्यांनी आवळले होते आणि घट्टच होते, ते. प्रत्येक रेघ जाड सुरू होत होती, निमुळती होत होती, जराशी डावीकडे झुकत होती. मला प्रत्येक नट ठाऊक होता. हा तुमचा आहे, हाही तुमचा, तो नव्हे, त्याच्या शेजारचा: हे सांगण्यासाठी मी माझे इंजिन, माझी चारही चाके, सगळे काही दिले असते. ते तासभर शोधत होते. मग त्यांनी चिंधी थिनरमध्ये भिजवली आणि सगळ्या रेघा पुसून टाकल्या. थिनरच्या गारव्याने त्यांची बोटे खडूसारखी पांढरी झाली. त्यांना ते कळले नसावे.

या गोष्टीला नऊ हिवाळे झाले. माझ्यावर ताडपत्री आहे, टायर हवा जाऊन बसले आहेत, आणि कोणता नट खरा याची एकही खूण माझ्या अंगावर उरलेली नाही. लॉर्ना अजूनही दर शनिवारी येते. गॅरेजच्या भिंतीपलीकडून, स्वयंपाकघरातून, किटलीचा आवाज येतो. हवामान, पडदे, सिरिल यांचा गुडघा असे विषय होतात. दोघेही एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागतात.

मित्रांनो, माझे तेलपाणी करा, मला उन्हात काढा, असे मी तुम्हाला विनवणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातले कोणी एके दिवशी म्हणेल, 'माझ्या हातांचा आता भरवसा नाही.' तेव्हा त्याला धीर देऊ नका. त्याच्यावर विश्वास ठेवा. त्याच्या शेजारी बसा, पाना घ्या, त्याने आवळलेला नट तपासा, सैल असेल तर तसे म्हणा, आणि हे सारे त्याच्या डोळ्यांदेखत करा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.