भोंपूकाकांचा तुकडा माझ्यापाशी आहे

मी मेणाची एक वडी बोलतेय. मेणबत्त्या माझ्या चुलत बहिणी. त्या उजेड देतात, आणि मी एका माणसाच्या आतड्याचा नखाएवढा तुकडा पोटाशी धरून बसले आहे.

माझा जन्म एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर झाला. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा तंत्रज्ञ बाईंनी साच्यात ठेवला, वरून पातळ मेण ओतलं आणि मला गार पाटावर निजवलं. मी घट्ट झाल्यावर माझे पापुद्र्यासारखे काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. माझ्या एका कडेला गाठ होती, दुसऱ्या कडेला तिच्या शेजारचं निरोगी आतडं. दोन्ही मलाच सांभाळायचं होतं.

तुकड्याचा मालक शाळेची बस चालवायचा. वळणावळणावर भोंगा वाजवायचा, म्हणून मुलं त्याला भोंपूकाका म्हणत. शौचाला रक्त पडत होतं, तर मूळव्याध असेल म्हणत गड्याने ते कित्येक महिने अंगावर काढलं. त्याची थोरली बहीण अजूनही त्यावरून त्याला फैलावर घेते. ती कपडे अल्टर करून द्यायची. दोघं एकाच घरात राहत.

कॅन्सर आतड्याबाहेरच्या ग्रंथींतही पोचल्याचं कळलं, तेव्हा ताई हटूनच बसली. "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंच." त्यासाठी मी हवी होते. "उन्हात ठेवू नका, वितळेल," असं तंत्रज्ञ बाईंनी बजावलं. ताईने मला डब्यात घातलं आणि घरी नेऊन थेट फ्रिजमध्ये ठेवलं, लोण्याच्या शेजारी.

संध्याकाळी भोंपूकाकाने डबा उघडला. "ताई, हे काय गं? खायचं आहे?"

"अरे येड्या, तुझंच आतडं आहे ते! ठेव खाली!"

त्याने मला खाली ठेवलं नाही. दिव्याखाली धरून तो बराच वेळ बघत राहिला. "एवढंसं?" तो म्हणाला. ताई हसायला लागली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

दुसऱ्या रुग्णालयानेही तेच निदान केलं. औषधं सुरू झाली. तिथेच एक संशोधक बाई दोघांना भेटायला आली. आपल्या पेशींत गुणसूत्रं असतात आणि त्यांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात, असं ती सांगू लागली.

"एका पेशीच्या दोन पेशी झाल्या की ही टोकं थोडी झिजतात. फार झिजली की पेशी थांबते. कॅन्सरच्या पेशी बहुतेकदा टोकं पुन्हा भरून घेतात आणि थांबतच नाहीत. या टोकांच्या लांबीवरून आजार लवकर ओळखता येईल का, तो पुढे कसा वागेल हे कळेल का, ते मी शोधतेय. तुमच्या ब्लॉकचे, म्हणजे या मेणाच्या वडीचे, थोडे काप मिळतील का?"

ताई पुढे सरकली. "मग मोजा आणि सांगा, हा जगेल ना?"

"एका माणसाचं नाही सांगता येत, ताई. खूप जणांचं मोजलं तर कल दिसतो. तोसुद्धा अजून धूसरच आहे."

"म्हणजे याला काहीच फायदा नाही?"

"बहुतेक नाही."

ताईने पिशवी उचलली. "मग राहू दे. चल रे."

तो उठला नाही. "ताई, बस जरा. गाडी मीच चालवली पाहिजे असं थोडंच आहे? पोरं शाळेत पोचली म्हणजे झालं." मग संशोधक बाईला म्हणाला, "घ्या हवे तेवढे काप."

तेव्हापासून मी या दुसऱ्या रुग्णालयाच्या तळघरातल्या थंड खोलीत, खणात राहते. अधूनमधून पातं माझ्यावरून फिरतं. दुखत नाही, फक्त हलकं वाटतं.

वर्षं गेली. एकदा तपासणीला आलेला भोंपूकाका ताईला घेऊन खालीच उतरला. केस पांढरे झालेले, पण चांगला धडधाकट. आल्या आल्या त्याने विचारलं, "माझी टोकं काय म्हणाली?"

संशोधक बाई घुटमळली. त्याने आग्रह धरला, तेव्हा म्हणाली, "गाठीतली टोकं शेजारच्या निरोगी भागापेक्षा लांब निघाली. आम्ही तपासलेल्यांत असं असलेल्या बऱ्याच जणांचा आजार पुन्हा उलटला होता."

"आणि मी तर तुमच्यासमोर उभा! म्हणजे तुमचं गणित चुकलं?"

"तुमच्यासारख्या बऱ्या झालेल्यांना मोजलं नसतं, तर चुकलं असतं."

ताई इतका वेळ भिंतीला टेकून होती. ती हळूच म्हणाली, "हे मला तेव्हाच कळलं असतं, तर मी रोज रडले असते."

"आणि तुझी समजूत काढण्यात माझी सगळी वर्षं गेली असती," तो म्हणाला. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि हात तिथेच राहू दिला.

संशोधक बाईने मला त्याच्या तळहातावर ठेवलं. तो हात उबदार होता, मी किंचित मऊ झाले. मग तिने मला परत घेतलं, आणि दोघं भांडत भांडत जिना चढून गेली.

आता माझ्यात थोडेच काप उरलेत. नवी माणसं येतात, मला उजेडात धरतात आणि "हा ब्लॉक जपून ठेवू या" म्हणत परत खणात ठेवतात. बाळांनो, जपून काय करणार? वर कुठल्यातरी खोलीत एखादी ताई अजून तोच प्रश्न विचारत असेल, "हा जगेल ना?" पातं लावा. मी संपले तरी चालेल.