अडसर

हेस्टरने आतून अडसर घातला आणि दाराला पाठ लावून ती उभी राहिली. बाहेरून मुठी आदळू लागल्या. पण वादळी लाटा सोसायला बांधलेलं ओकचं दार ते, माणसांना थोडंच दाद देणार!

बचावनावेच्या या दगडी घराची झाडलोट तिच्याकडे होती, म्हणून किल्लीही. समोर नाव उतारावर तयार होती. भिंतीवरच्या फळीवर बुडालेल्या खलाशांची नावं होती. शेवटचं तिच्या नवऱ्याचं.

"हेस्टर, दार उघड!" नावेचा तांडेल राल्फचा आवाज. तिचा थोरला दीर. "जहाज खडकावर फुटतंय. माणसं डोलकाठीला लटकलीत गं!"

"कथबर्ट जाणार नाही म्हणा, भावजी. मगच उघडते."

"आई, लाज आणू नकोस!" बाहेरून तिचा मुलगा कथबर्ट ओरडला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

वारा छपरात घुमत होता. त्यातून दूरवर कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं. हेस्टरने कानांवर हात दाबून धरले.

"बरं, नाही नेत त्याला," शेवटी राल्फ म्हणाला. "शब्द देतो."

तिने अडसर काढला. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. कथबर्टच्या वल्ह्यावर विल बसला. त्याचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. बायका नावेचा दोर खेचत कमरेइतक्या पाण्यात उतरल्या. हेस्टरने दोराला हात घालताच विलची बायको पेग म्हणाली,

"राहू दे, मावशी. तुझं माणूस काठावरच आहे."

अंधारायच्या आत नाव परतली. नॉर्वेचे सहा खलाशी वाचले होते, दोघं नाव पोचण्याआधीच वाहून गेले होते. विल धडधाकट उतरला. पेगने त्याला मिठी मारली. आत सगळ्यांना गरम चहा मिळाला. कथबर्ट बाहेर पावसात उभा राहिला.

"आत ये रे, गारठशील."

"तो चहा नावेतून गेलेल्यांसाठी आहे, आई."

त्यानंतर घरात तो कामापुरतंच बोलू लागला.

फेब्रुवारीत पुन्हा एका जहाजाने मदतीसाठी तोफ उडवली. सगळ्यांच्या आधी हेस्टर धावत पोचली. दार तिने सताड उघडलं. माणसं धापा टाकत आली, खुंटीवरची, पाण्यात तरंगवणारी बुचाची जाकिटं ओढू लागली. कथबर्ट उंबऱ्याशीच थबकला.

हेस्टरने एक जाकीट काढून त्याच्यासमोर धरलं.

"हात वर कर," ती म्हणाली.

त्याने केले. तिने बंद आवळले. गाठ तिने दोनदा मारली.