पाद्र्याचा अभ्यास

वेंडेल नावाचा परदेशी पाद्री माझ्या घरी राहायला आला, तेव्हा त्याला स्पॅनिशमध्ये धड नावही सांगता येत नव्हतं. शिकवायचं मी. तशी स्पॅनिश माझीही नाही, आमची भाषा माम. कॉफीच्या मळ्यावर मुकादमाची बोलणी खात जी कानावर पडली, तीच मी पाद्र्याला दिली, शिव्या तेवढ्या वगळून.

माणूस कष्टाळू होता, पण त्याचा अभ्यास सुरू झाला की मी आधी दार लावून घ्यायचे. हातात वही आणि तोंडात प्रश्न. "ताई, या घरात कोण कोण राहतं? तुम्हाला भाऊ किती? ते काय करतात?" पुस्तकातला धडाच तसा आहे म्हणे. असेलही. पण त्या वर्षी गावाच्या वेशीवर लष्कराचं ठाणं बसलं होतं आणि तिथला लेफ्टनंटही नेमकं हेच विचारत फिरायचा. त्याच्याकडे यादी होती. यादीत माझा धाकटा भाऊ निकानोर होता, कारण त्याने मका पिकवणाऱ्यांची सोसायटी काढली होती आणि लष्कराच्या लेखी ते बंडच. तो वरच्या रानात लपला होता आणि मी सरपणाच्या निमित्ताने त्याला भाकऱ्या पोचवत होते.

"मला भाऊ नाही," मी पाद्र्याला सांगितलं. मेल्याने तेही लिहून घेतलं.

निकानोरची बायको पेत्रोना तान्ह्या मुलीला घेऊन माझ्याकडेच होती. पाद्र्याला आम्ही ती माझी विधवा चुलतबहीण असल्याचं सांगितलं होतं. युक्ती तिचीच.

"वन्सं, याला कंपाद्रे करून टाकू. एकदा पोरीला बाप्तिस्म्याला धरलं की बसला गप्प."

आमच्याकडे बाप्तिस्म्याला मूल धरणारा त्याच्या आईबापाचा कंपाद्रे होतो, आणि कंपाद्रेविरुद्ध कोणी तोंड उघडत नाही. दारू प्यालेला माणूससुद्धा कंपाद्रेवर हात टाकत नाही. म्हणून मी जेवताना विषय काढला. पाद्र्याचे कान लाल झाले.

"ताई, मला नाही जमणार. आमच्या पंथात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत."

"अहो, पाणी काय तुमच्या डोक्यावर पडणार आहे?" पेत्रोना म्हणाली.

"पण मी मानत नाही ते करणं म्हणजे खोटं वागणं झालं."

पेत्रोना माममध्ये पुटपुटली, "ऐकलंत? ज्याला गळा कापायचाय, तो नातं कशाला जोडेल?"

मलाही ते पटलं. हा मान नाकारलेला माणूस आमच्या गावात मी पाहिला नव्हता. त्याच दुपारी मी रानात गेले. निकानोर बाप्तिस्म्याची वाट बघत होता, त्या दिवशी लपूनछपून घरी येता येईल म्हणून. त्याने लेकीला अजून मांडीवरही घेतलं नव्हतं.

"एकदा बघू दे गं अक्का, मग जातो."

"आधी जिवंत राहा. आत्ताच्या आत्ता मेक्सिकोची वाट धर."

तो रडत गेला. मी पाद्र्याला मनातल्या मनात शिव्याशाप दिले, त्याला कधी न शिकवलेल्या शब्दांत.

पाचव्या दिवशी सकाळी लेफ्टनंट दोन शिपाई घेऊन घरात शिरला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पाद्र्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "आठ महिने राहताय इथे. तुम्ही देवाची माणसं, खोटं बोलणार नाही. या बाईचा भाऊ येतो का इथे?"

तव्यावरची भाकरी करपत होती आणि मला ती उलटायचं सुचत नव्हतं. संपलं सगळं, असं वाटलं.

पाद्री खुळ्यासारखा हसला आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलला. लेफ्टनंटने बहिऱ्याला विचारावं तसं मोठ्याने परत विचारलं. पाद्र्याने खूप आठवल्यासारखं केलं.

"भाकरी," तो म्हणाला. "छान. शुभ सकाळ."

शिपाई खो खो हसले. लेफ्टनंट म्हणाला, "आठ महिन्यांत एवढंच? याला शिकवतं कोण?"

"मीच," मी म्हणाले.

"शिकवणं सोड बाई, कोंबड्या पाळ."

ते निघून गेले. बाप्तिस्म्यासाठी खोटं वागायला तयार नसलेला हा माणूस, माझ्या चुलीपाशी बसून लष्कराशी खोटं बोलला होता. मला माझीच लाज वाटली. ज्याच्या भीतीने मी भावाला लेकीचं तोंड पाहू दिलं नाही, तो हाच.

मग तो माझ्याहून स्वच्छ स्पॅनिशमध्ये हळूच म्हणाला, "ताई, निकानोर सरहद्दीपलीकडे पोचला का?"

हे नाव मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. त्याचे हात धरावेत, सगळं बोलून मोकळं व्हावं, असं फार वाटलं. पण तोंड उघडलं तेव्हा बाहेर आलं ते वेगळंच.

"कोण निकानोर?"