टॉर्पेडो फेकू द्या

हिगाकीसाहेब माझ्या खानावळीत आले की मला आधीच तिडीक येते. त्या दिवशी तर ते माझ्या शुनजीला न्यायलाच आले होते. युद्ध हरल्यावर आता कुरे बंदरात जपानचं नवं नौदल उभं राहत होतं. शुनजीला त्यात जायचं होतं, शिफारस साहेब करणार होते आणि अर्जावर आईचा सहीचा शिक्का लागत होता. तो मी अजून दिला नव्हता.

माझा नवरा तामोत्सु साहेबांच्याच हाताखाली, लढाऊ क्रूझरवर, पाण्याखालून जाणारे बॉम्ब सोडणारा टॉर्पेडोवाला होता. क्रूझर बुडाली, तो गेला, साहेबांना दुसऱ्या जहाजानं उचललं. "शेवटपर्यंत आपल्या जागेवर होता, एक शब्द बोलला नाही," असं ते दरवर्षी येऊन मला सांगत आणि फुकटची तांदळाची दारू, साके, पीत.

कोपऱ्यात ओगाता माशाचे काटे काढत बसला होता. तो त्याच ताफ्यातल्या दुसऱ्या क्रूझरवर होता, आता गोदीत वेल्डर आहे. जिभेला हाड नाही.

"अमेरिकनांनी मोठ्या क्रूझरवरचे टॉर्पेडो काढूनच टाकले होते," साहेब शुनजीला शिकवत होते. "विमानवाहू जहाजांच्या मागेमागे राखणदारासारख्या फिरायच्या. इंग्रजांच्या तर मालवाहू बोटींना सोबत करायच्या. दाया कुठल्या! आपली क्रूझर रात्री शत्रूच्या अंगावर जायची."

"त्या दायांनी इंग्रजांच्या घरी धान्य पोचवलं, साहेब," ओगाता म्हणाला. "आपल्या तांदळाच्या बोटींना सोबत करायची आपल्याला लाज वाटली. वहिनी, सांगा यांना, तेव्हा तुम्ही काय खात होता?"

"रताळ्याचे वेल," मी म्हटलं.

साहेब उखडले. "तू गप्प बस रे. तुमच्या जहाजानं पहिला बॉम्ब पडताच टॉर्पेडो समुद्रात फेकले. भेदरट लेकाचे!"

"फेकले म्हणून घरी आलो. आपलेच टॉर्पेडो आपल्याच डेकवर फुटायची वाट बघत बसलो नाही. तुम्ही का नाही फेकलेत?"

साहेब ताठ बसले. साके चढली होती. "म्हणणारे होते ना! आग टॉर्पेडोंकडे सरकत होती, तेव्हा एक जण दोनदा आला गयावया करत. फेकू द्या साहेब, सगळे मरतील! सम्राटांचं शस्त्र फेकायचं? दिली एक थोबाडीत आणि धाडला परत जागेवर."

"कोण आला होता?" मी विचारलं.

साहेबांचा पेला हातातच राहिला. "युद्धात असं चालतं, तोमोएबाई."

"नाव सांगा."

"जाऊ द्या ना आता."

"नाव!"

"तामोत्सु," ते म्हणाले.

एक शब्द बोलला नाही म्हणे! माझा नवरा बोलला होता, दोनदा बोलला होता, आणि या माणसाला मी इतकी वर्षं स्वतःच्या हातानं साके ओतत होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. चुलीवरचं उकळतं भांडं त्यांच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटलं.

शुनजी मघापासून साहेबांपुढे गुडघ्यांवर, मान खाली घालून बसला होता. त्यानं मान वर केली.

"कुठल्या गालावर मारलंत?" त्यानं विचारलं.

साहेबांना ते आठवत नव्हतं.