बांधासमोरची कांदळं

मित्रांनो, अर्धा दिवस पाण्यात आणि अर्धा दिवस चिखलात उभं राहायची सवय झालेलं मी कांदळाचं जुनं झाड आहे. रत्नागिरीजवळच्या एका खाडीत माझा मुक्काम. खारं पाणी भल्याभल्या झाडांना मारतं; मला तेच मानवलं. चिखलात हवा नसते, म्हणून माझी मुळं खोडावरूनच कमानीसारखी बाहेर पडतात आणि ओहोटीला श्वास घेतात.

१९९८ साली नाझिया राजापूरहून लग्न होऊन काठावरच्या घरात आली. नवरा जहाजावर, घरात सासू ताजबी. माझ्या मुळांना चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढायला दोघी ओहोटीला यायच्या. ताजबी कालवं बघायची, नाझिया मला.

"ह्या शेंगेला झाडावरच कोंब कसा आला?" तिने एकदा विचारलं.

"येतो. तू टोपली भर," ताजबी म्हणाली.

माझं बी फांदीवरच रुजतं आणि लांबट रोप होऊनच खाली चिखलात पडतं. नाझियाने हे बघून बघून स्वतःच ताडलं.

त्याच पावसात उधाणाने त्यांच्या शेताचा बांध फुटला. भातात खारं पाणी शिरलं, पीक गेलं. बांध पुन्हा घातला, पण तो टिकेल याची खात्री कुणालाच नव्हती. नाझियाने माझ्या शेंगा गोळा केल्या आणि बांधासमोरच्या चिखलात टोचल्या.

"शेंगा टोचून समुद्र थांबतो काय गो?" ताजबीने विचारलं.

"माहीत नाय. बघूया तरी."

पहिल्या शेंगा भरतीने नेल्या. पुढच्या वर्षी तिने पुन्हा टोचल्या, तर रोपं शेळ्यांनी खाल्ली. नाझिया खचली आणि यायची बंद झाली. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

मग एका ओहोटीला ताजबी एकटीच बांधाकडे गेली. तिथे एक रोप वाचलं होतं, आणि त्याच्या मुळांनी भोवतीचा चिखल घट्ट धरून ठेवला होता. तिने तो हाताने दाबून पाहिला. मग माझ्याकडे येऊन तिने टोपलीत शेंगा भरल्या आणि घराकडे हाक दिली, "नाझिया, ये गो. त्या एकाला सोबत हवी. शेळ्यांसाठी काटेरी कुंपण मी घालते."

काही वर्षांत तिथे दाट रान झालं. पुढे मोठं उधाण आलं, तेव्हा लाटा आधी माझ्या पोरांवर आदळल्या. बांधाला टेकेपर्यंत पाण्यात जोर उरला नव्हता. आत भात पिवळं होत राहिलं.

मित्रांनो, खाडीवर आलात आणि चिखलात एखादी शेंग उभी दिसली, तर कुणीतरी खोवलेली काडी समजून ती उपटू नका. तिला खाली मुळं फुटत असतात.