दोन डाव्या बाह्या

मित्रांनो, मी शिवणाच्या दुकानातली एक जुनी कात्री आहे. माणसं अडचणीत आली की ‘कात्रीत सापडलो’ म्हणतात. त्यात माझा काय दोष, ते मला आजवर कळलेलं नाही.

मी नवी होते तेव्हा माझी मालकीणही नवीच होती, एकोणीस वर्षांची. आता तिला सगळे मावशी म्हणतात. पहिलंच मोठं काम आलं, शाळेच्या मोठ्या बाईंचा लोकरी कोट. माझा तोरा काय वर्णावा! अशी झोकात चालले की दुसऱ्या बाहीच्या वेळी बाहीचा आकार आखलेला कागद उलटवून ठेवायचा असतो, हे दोघीही विसरलो. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. मालकीण खूप रडली. तिनं मला खणात टाकलं आणि अकरा दिवस खण उघडला नाही. आत मी झुरत होते. संपलं सगळं, असंच वाटत होतं.

बाराव्या दिवशी तिनं उरल्यासुरल्या तुकड्यांना काखेत जोड देऊन उजवी बाही केली. मोठ्या बाईंनी तो कोट चौदा हिवाळे वापरला. काखेत कोण डोकावतं? जादा बाहीत चिंध्या भरून मालकिणीनं सुया टोचायची उशी शिवली. पुढे आम्ही गाडीभर कापड कापलं. धार लावून लावून माझी पाती बारीक झाली.

परवा मावशीच्या भाचीनं आपल्या नव्या चकचकीत कात्रीनं पहिला कोट कापला. बाह्या जुळवताना तिचा चेहरा उतरला. दोन्ही डाव्या! हे काम आपल्याला जमायचं नाही, असं पुटपुटत तिनं खण उघडून कात्री आत टाकली.

मावशीनं ती जुनी उशी तिच्यापुढे ठेवली. “ही काय आहे, ओळख बघू.”

भाचीनं चाचपून पाहिलं. “मावशी, ही तर बाही आहे.”

“डावी. हिच्यापायी मी अकरा दिवस रडले. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुला सांगते. चुकलं तर चुकलं, कात्री खणात टाकू नकोस. काखेत जोड कसा द्यायचा ते शिक.”

भाचीला हसू फुटलं. मलाही खणातल्या त्या चकचकीत कात्रीला सांगावंसं वाटलं, वेडे, झुरतेस कशाला? अजून किती कापायचंय तुला!

तेव्हा मित्रांनो, चुका खुशाल करा. फक्त माझ्यानं पुठ्ठे कापू नका, धार जाते. बाकी आमचं छान चाललंय. दुकानात आता सुयांच्या दोन उशा आहेत. दोन्ही डाव्या.