नव्या भट्टीसाठी ठेवलेले पैसे

मित्रांनो, विस्कॉन्सिनमधल्या यिरोवेक कुटुंबाच्या तळघरात उभी असलेली मी एक जुनी, तेलावर चालणारी भट्टी आहे. मला बसवले त्या दिवशी डेल्बर्टने माझी पहिली ज्योत पेटवली. त्याची पत्नी आर्लीन ऊब येणाऱ्या जाळीवर हात धरून म्हणाली, "आता खरं घर झालं!" पत्र्याच्या नळ्यांतून मी वरच्या मजल्यापर्यंत ऊब पोहोचवली. त्यांच्या मुली तिथे वाढल्या. पुढे नाताळात त्या मुलाबाळांसह येऊन तिथेच झोपू लागल्या.

कालांतराने माझ्या पोलादी ज्वालाकक्षाला तडा गेला. दुरुस्तीला आलेल्या नॉर्बर्टने स्पष्ट सांगितले, "हा हिवाळा कसाबसा निघेल. पुढच्या थंडीआधी हिला काढा, नाहीतर विषारी धूर घरात शिरेल."

होडी विकून दोघांनी नव्या भट्टीचे पैसे उभे केले. भट्टी घेईपर्यंत ते सुरक्षित राहावेत आणि थोडे उत्पन्नही द्यावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. नळ्यांतून मला त्यांचे बोलणे ऐकू येई.

"बॉन्ड फंड घेऊ या," डेल्बर्ट म्हणाला. "तुझ्या त्या मनी मार्केट फंडाच्या व्याजात शुक्रवारचं तळलेल्या माशांचं एक ताटसुद्धा यायचं नाही!"

"मासे मी घरी तळीन. भट्टी तुला घरी घडवता येते का?"

"अगं, माझ्या बाप्तिस्म्याला आजीनं सरकारी बॉन्ड दिला होता. मुदत भरली आणि पै न् पै हातात आली."

"त्याच्यावर तारीख होती, डेल्बर्ट. या फंडावर कुठे आहे?"

"बॉन्ड तो बॉन्ड! तू कॉफी ओत."

तिने ओतली, आणि पैसे बॉन्ड फंडात गेले.

तिचेच म्हणणे योग्य होते. मनी मार्केट फंड अगदी अल्प मुदतीची कर्जे देतो. त्याचे उत्पन्न बेताचे, पण मुद्दल सहसा जागचे हलत नाही. बॉन्ड म्हणजे ठरलेल्या मुदतीचा कर्जरोखा; बॉन्ड फंडात मात्र अशा एका बॉन्डची मुदत संपली की दुसरा येतो, म्हणून मुद्दल परत मिळण्याचा ठरलेला दिवस कधी उगवत नाही. त्या वसंतात व्याजदर चढू लागले. नवे बॉन्ड जास्त व्याज देऊ लागले, म्हणून जुन्या, कमी व्याजाच्या बॉन्डांचे मोल उतरले आणि त्यांच्याबरोबर फंडाचेही. फंड लबाड नव्हता. काही वर्षे थांबता आले असते, तर वाढत्या व्याजाने तूट कदाचित भरूनही निघाली असती. माझा तडा मात्र थांबणार नव्हता.

थंडीच्या तोंडावर डेल्बर्टने तोटा सोसून पैसे काढले. मोठ्या भट्टीला ते पुरले नाहीत. म्हणून लहान भट्टी ठरली, केवळ खालच्या मजल्यापुरती. वरच्या खोल्यांतली अंथरुणे त्याने स्वतः खाली आणली.

"नाताळात मुली झोपतील कुठे?" जिन्यात उभे राहून त्याने विचारले.

"मोटेलात. सकाळी येतील की नाश्त्याला," आर्लीन म्हणाली. "दार लाव आता. ऊब जातेय."

मित्रांनो, उद्या मला भंगारात नेतील. त्याचे मला दुःख नाही. यंत्राला अंत असतोच. तुम्हाला एकच विनंती करते. ठेव ठेवण्यापूर्वी व्याज किती, हे जरूर विचारा, पण ती कधी लागणार आहे, हे त्याआधी विचारा. आणि ज्या पैशांना पुढच्या थंडीपूर्वी घरी परतायचे आहे, त्यांना लांबच्या वाटेला लावू नका.